तीनदा धुवायचं

सकाळी साडेसहाला कॅम्पातल्या दुकानात
मकबूलभाई बेपारी विचारतात, "आज काय, मूत्रपिंड?"
मूत्रपिंड नको, त्याच्या खालची दोरी.
ते हसतात. असलं गिऱ्हाईक त्यांना एकच.

थर्मासात बर्फ, खारं पाणी,
आणि बकऱ्याची मूत्रवाहिनी, सुतळीएवढी, फिकी.
टिळकवाडीच्या दुसऱ्या फाटकाला मालगाडी आडवी
आणि मी सायकलवर, एक पाय खाली टेकून,
बर्फाचा विचार करत.

प्रयोगशाळेत निंगाप्पानं सगळं मांडलेलं :
पाणी सदतीस अंशांवर, प्राणवायूचे बुडबुडे,
ड्रमवर काजळी रात्रीच धरलेली.
एक टोक काचेच्या आकड्याला, एक दोऱ्यानं तरफेला.
मग अर्धा तास थांबायचं.
कापून आणलेल्या मांसाला निवांत व्हायला
तेवढा वेळ पुरतो.

नॉरॲड्रिनॅलिन, दोन थेंब.
काही नाही.
काही नाही.
आणि सुई उठते, काजळीत पांढरा डोंगर,
उतार, परत डोंगर :
सुतळी ढकलतेय नसलेलं मूत
नसलेल्या मूत्राशयाकडे.

पोरांना वाटतं, जोर थेंबात असतो.
हुक्केरीमॅडम म्हणायच्या, थेंबाला काय कळतंय?
तो नुसता निरोप्या. कुठल्या दाराशी गेला ते बघा.
पेशीच्या अंगावर दारं आहेत. अल्फा उघडलं तर स्नायू आवळतो,
बीटा उघडलं तर सैल पडतो.
मग आम्ही अल्फाला प्राझोसिनचं कुलूप घालायचो,
तुकडा पोटॅशियमनं आधीच आवळलेला,
आणि सोडायचो ॲड्रिनॅलिन.
त्याच थेंबानं आता सुई खाली खाली.
दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, बाटली बदलली काय?
निंगाप्पा बाटली वर धरून दाखवायचा.

त्या दिवाळीआधी वडगावात, रात्री दोनला,
त्याचा धाकटा मला बोलवायला आला.
गल्लीत एक यंत्रमाग अजून चालू, खड् खड् खड्,
आणि आत निंगाप्पा हातापायांवर, कपाळ फरशीला,
कळ आली की श्वास बंद,
गेली की घामाचा थेंब नाकावरनं खाली.
माझ्याशी आयुष्यभर मराठीत बोललेला माणूस
नोवु, नोवु म्हणत होता.
मग म्हणाला, "बा."
मला वाटलं बापाला हाक मारतोय,
आणि बाप जाऊन त्याचा वीस वर्षं झालेली.
कल्लव्वा मात्र चुलीपासून उठली
आणि त्याच्या पाठीशी येऊन बसली.
ये, म्हणत होता तो. तिला.
मी दारातच उभी होते.

खडा खालच्या टोकाला, मूत्राशयाच्या तोंडाशी.
डॉक्टरनं रोज रात्री एक गोळी दिली.
चिठ्ठी वाचून मी हसले : कुलूप आमच्याच घराण्यातलं.
अल्फा बंद, भिंत जरा ढिली,
वाट रुंदावली तर येईल.

नवव्या दिवशी आला. हरभऱ्याच्या डाळीएवढा, काटेरी.
निंगाप्पानं तो परीक्षानळीत घालून आणला,
वर चिकटपट्टी, तिच्यावर कन्नडात तारीख.
प्राझोसिनच्या बाटलीशेजारी ठेवला.
"बघून जायचं होतं की ओ अक्का," तो म्हणाला,
"मला आवळायचा निरोप धाडला कुणी?"
मी म्हटलं, काही मेंदूनं धाडला असेल,
खरं खडा अडकला की नळीची भिंतच
निरोप तयार करते आणि स्वतःलाच धाडते.
त्यानं मान हलवली,
हे त्याला घरचंच काहीतरी वाटलं असावं.

मग म्हणाला, धू.
तीनदा धुवायचं, दर खेपेला पाणी बदलून.
आधीचा निरोप उरला तर पुढच्याचं माप चुकतं.
मी धुतलं. एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा धुतल्यावरही
सुई एकदा हलली, कुणी काही न सांगता.

वहीत मी ते लिहिलं नाही.